पब्लिकला कळत नाही म्हणतोस, पण गोष्ट तर तूच दडवून ठेवलीस

(पत्र बरंच मोठं होतं, कामाचं तेवढं ठेवलंय.)

"ताई, नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातला. घरची केळी-कपाशी आहे आणि लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. मागच्या वर्षी स्वतःचा मराठी पिक्चर काढला, चौदा लाख गेले, त्यातले सहा व्याजाने. सुरतेला राहणारा धाकटा भाऊ कानबाईच्या सणाला गावी येतो आणि जुनं भांडण उकरलं जातं अशी स्टोरी आहे. कॅमेरा भारीतला आणला, ड्रोन लावला, कलर मुंबईत करून घेतला. यूट्यूबवर ट्रेलरला चाळीस हजार व्ह्यूज आले. मग तालुक्याला हॉल घेऊन शो लावले तर अर्धे लोक इंटरव्हललाच निघून गेले आणि उरलेले मोबाईल बघत बसले. आपल्याकडच्या पब्लिकला चांगलं काही कळत नाही, त्यांना फक्त नाचगाणं पाहिजे. म्हणून पुढच्या पिक्चरमधे आयटम साँग टाकतोय, मुंबईच्या डान्सरला पन्नास हजार टोकन दिलंय. त्याच्यासाठी शेत गहाण टाकायचं म्हणतोय तर घरचे नको म्हणतात, पिक्चरचा नादच सोड म्हणतात. मी बरोबर करतोय ना? लिंक पाठवतोय, बघून सांगा."

भाऊ, लिंक उघडली आणि पूर्ण पिक्चर बघितला, एक तास बावन्न मिनिटं, मधे फक्त कुकर बंद करायला उठले. आधीच सांगून टाकते, तू बरोबर करत नाहीयेस. पण घरच्यांचं कारण वेगळं आणि माझं वेगळं. त्यांना वाटतं पिक्चर हा नादच वाईट. मला वाटतं तुझ्याकडे एक जबरदस्त पिक्चर शूट होऊन हार्ड डिस्कमधे पडलाय आणि लोकांना तू दाखवलास भलताच.

तुझी पहिली एकवीस मिनिटं काय आहेत सांगू का? तापी वरून, केळीच्या बागा वरून, हायवे वरून, पुलावरून जाणारी एसटी वरून. मग हिरो एसटीतून उतरतो, स्लो मोशन, गॉगल काढतो, स्लो मोशन, आणि परत घालतो. मग मित्र भेटतो आणि पानटपरीवर दोघं जे जोक मारतात ते आमच्या फॅमिली ग्रुपवर केव्हाच येऊन गेलेत. शॉट सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू, कलरवाल्याने पण काम चोख केलंय. पण त्या हॉलमधे बसलेल्या बाईला केळीची बाग वरून बघून काय करायचंय, ती रोज त्याच बागेत निंदायला जाते. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि तासभर अंगणातच उभं करून भिंतीचा रंग दाखवत बसायचं, तसं झालंय हे.

आणि मग एक तास नऊ मिनिटांनी तो सीन येतो.

खान्देशाबाहेरचे पण हे सदर वाचतात म्हणून त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्यासाठी गव्हाचे रोट करतात आणि गहू काढायचा हिशोब असा की घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ, कुठे फक्त पुरुषांची नावं धरतात, कुठे पद्धत थोडी वेगळी. हे रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला देत नाहीत. म्हणजे भांडण होऊन वेगळ्या झालेल्या भावाच्या नावाची मूठ पडते की नाही ह्यात सगळं आलं, तिथे कोर्टाचा कागद लागत नाही.

तुझ्या पिक्चरमधे म्हातारी सूप घेऊन बसते. एकेक नाव घेते, मूठ टाकते. मोठ्याचं नाव झालं, मोठ्याच्या पोरांची झाली, आणि तिचा हात थांबतो. धाकटा सुरतेहून आत्ताच दारात येऊन उभा आहे, बॅग अजून खांद्यावर. मोठा ओट्यावरून बघतोय. म्हातारी कोणाकडेच बघत नाही, गव्हातले खडे वेचायला लागते. मी श्वास धरून बसले रे! ती म्हातारी कोण आहे, तुझी खरी आजी असेल तर तिला माझा नमस्कार सांग, अशी ॲक्टिंग शिकवून येत नाही. हा सीन पावणेदोन मिनिटं चालला आणि मग तू काय केलंस, परत तापीवर ड्रोन उडवलास. मूठ पडली का नाही ते कळायला अजून अर्धा तास, आणि तेही हिरो मित्राला फोनवर सांगतो तेव्हा. फोनवर! जे बघायला मी बसले होते ते तू मला दाखवलंच नाहीस.

त्या हॉलमधल्या लोकांचं पण हेच झालं असणार, फक्त ते त्या सीनपर्यंत पोचलेच नाहीत. तुझा इंटरव्हल छप्पन्न मिनिटांना आहे. जे उठून गेले त्यांनी तुझी गोष्ट नाकारलेली नाही, त्यांना ती भेटलीच नव्हती. मग पब्लिकला कळत नाही हे कशावरून ठरवलंस?

अमळनेर तुझ्यापासून काही लांब नाही. तिथल्या प्रताप हायस्कूलमधे साने गुरुजी मास्तर होते. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. ते पुस्तक उघडून बघ, त्यात धडे नाहीत, रात्री आहेत, रात्र पहिली, रात्र दुसरी, आणि श्याम समोर बसलेल्या मंडळींना एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे लिहितानाच ठरलेलं होतं की आपण कोणासमोर बसलोय आणि ऐकणारा उद्या परत आला पाहिजे. पुढे अत्र्यांनी त्याच्यावर १९५३ मधे पिक्चर काढला आणि आपल्या देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक सुरू झालं तेव्हा ते पहिलंच त्या पिक्चरला मिळालं. एक आई, एक पोरगं, कर्जात बुडत चाललेलं घर, एवढ्यावर. कर्जातलं घर तुला नवीन नाही आणि तुझ्या पब्लिकला तर नाहीच नाही.

तू म्हणशील ताई ते जुनं साधंभोळं पब्लिक होतं. अजिबात नव्हतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मधे 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लावला आणि मग सुरतेला नेला, हो, तुझा हिरो राहतो त्याच सुरतेला. पहिल्या दिवशी गल्ला किती तर तीन रुपये. थेटरवाल्याचं म्हणणं असं की इथल्या लोकांना दोन आण्यात सहा तासांचं नाटक बघायची सवय आहे आणि तुम्ही दीड तासाचे तीन आणे मागताय. फाळक्यांनी काय केलं, सुरतकरांना अडाणी म्हणून शिव्या घातल्या नाहीत आणि पिक्चरमधे नाच पण घुसडला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यात! गर्दी झाली. माणूस समोरच्याची सवय ओळखून त्याच्या भाषेत बोलला, बस. आणि पहिल्यांदा कुठली गोष्ट निवडली होती बघ, जी घराघरात पाठ होती ती, कारण हलणारी चित्रं हा प्रकारच लोकांना नवीन होता, त्यात गोष्ट पण परकी असती तर धरायला काही राहिलं नसतं.

आता आयटम साँग. मी गाण्याच्या विरोधात नाही, आपण कानबाईला रात्रभर नाचणारी माणसं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाणी म्हणणारी माणसं, मी कशाला नाक मुरडू. दादा कोंडके आठव. नऊ सिल्व्हर ज्युबिली पिक्चर, गिनीज बुकात नाव. लोक म्हणतात डबल मीनिंगवर चालले. अरे डबल मीनिंग त्यांच्यानंतर कित्येकांनी करून बघितलं, चाललं का? तो माणूस पिक्चरच्या आधी 'विच्छा माझी पुरी करा' चे हजारावर प्रयोग करून आला होता, गावोगावी, समोर जिवंत पब्लिक. कुठल्या वाक्याला हशा येतो, कुठे लोक कंटाळून तंबाखू मळायला लागतात, हे त्याला रोज रात्री दिसत होतं. तुला आत्तापर्यंत असं किती वेळा दिसलंय? शूटिंग झालं, एडिट झालं, कलर झाला, चौदा लाख संपले, आणि पब्लिक तुला पहिल्यांदा भेटलं ते थेट हॉलमधे.

'सैराट' पण घे. त्यातल्या गाण्यांवर गावंच्या गावं नाचली हे खरंय, पण शंभर कोटीच्या वर जाणारा तो पहिला मराठी पिक्चर नुसत्या गाण्यांवर झाला का? नवीन पोरं, करमाळ्याकडची भाषा, आणि शेवट असा की आवाजच बंद, थेटरात चिडीचूप. नागराज मंजुळेंनी तुझ्या त्या 'फक्त नाचगाणं पाहिजे'वाल्या पब्लिकला शेवटी पूर्ण शांतता दिली आणि लोकांनी ती घेतली, कारण तोपर्यंत त्या दोन पोरांचं पुढे काय होणार हे सगळ्यांचं स्वतःचं टेन्शन झालेलं होतं. २०२३ मधे 'बाईपण भारी देवा' आला, त्यात तर सगळ्या मोठ्या वयाच्या बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. बायका ग्रुप करून नटून थटून गेल्या, कोणी पोस्टर बघून गेलं नव्हतं, जाऊन आलेलीने सांगितलं म्हणून गेल्या. तुझ्या पिक्चरमधे कानबाई आहे आणि तुझ्या जाहिरातीत तिचा फोटो पण नाही, हिरोचा गॉगल आहे. बायकांना बोलवायचं होतं ना?

बाकी बजेटचं रडगाणं मला सांगू नको, मालेगाव धुळ्यापासून तासाभरावर आहे. तिथे नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला, घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलवर. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, कामगार त्या दिवशी पिक्चर बघतात, आणि ह्या माणसाचं स्वतःचं व्हिडिओ पार्लर होतं, म्हणजे लोक कशाला हसतात आणि कशाला उठतात ह्याच्या समोरच त्याची सगळी उमेदवारी गेली. सायकलवरचे डाकू बघून लोक हसले पण उठून गेले नाहीत. तुझ्याकडे ड्रोन होता.

ट्रेलरच्या चाळीस हजार व्ह्यूजवर पण जाऊ नको. आपल्या अहिराणी गाण्यांना कोटीत व्ह्यूज जातात, लग्नात डीजेवर वाजतात, तिकडचा आकडा बघून तुला वाटलं आपलं पण होईल. यूट्यूब स्टुडिओत जा, तुझ्या ट्रेलरच्या ॲनालिटिक्समधे रिटेन्शनचा ग्राफ असतो, कितव्या सेकंदाला किती लोक टिकून होते ते दाखवतो. मी पैज लावते की लाईन तिसाव्या सेकंदाच्या आतच धाडकन खाली आलेली असणार, आणि म्हातारी जिथे एक क्षण दिसते तिथे थोडी सपाट झालेली असणार. नसेल तर मला खोटं पाड. पण हा ग्राफ म्हणजे तुझ्या पब्लिकचं तोंड आहे, तो फुकट आहे आणि तू तो बघितलेलाच नाहीस.

आता काय कर. दुसरा पिक्चर राहू दे बाजूला, पहिलाच परत एडिट कर. म्हातारीच्या सीनने सुरुवात कर, नावं, मुठी, थांबलेला हात, खडे वेचणं, आणि तिथे पिक्चरच्या नावाची पाटी टाक. मग धाकटा सुरतेला का गेला, मोठ्याने काय केलं, वाटणीच्या वेळी आई गप्प का बसली, हे सगळं तू शूट केलेलं आहेच, इकडेतिकडे विखुरलंय. मित्राचं टपरीवरचं सगळं काढ, त्याचा एकच सीन ठेव जिथे तो उधारी मागतो, तो खरा वाटतो. ड्रोनचे शॉट सगळे मिळून दोन मिनिटाच्या वर गेले तर मला एडिटरचं नाव सांग. पिक्चर सव्वा तासाचा होईल, होऊ दे, कोणी मीटर लावून बसलेलं नाही. आणि मूठ पडते का नाही तो सीन तू शूटच केलेला नसशील तर परत कर, एक घर, एक म्हातारी, एक सूप, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तो शेवटाला पाहिजे, आणि फोनवर तर अजिबात नको.

तिची मूठ पडावी का पडू नये, हे मी सांगणार नाही, ते तुझं आहे. पब्लिकच्या आवडीचं बघ म्हणजे गोड शेवट कर असं मी म्हणत नाहीये, लोकांना कडू पण चालतं, फसवलेलं चालत नाही.

आवाज. हे मी आधी सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. अर्धे डायलॉग मला हेडफोन लावून परत मागे जाऊन ऐकावे लागले, हॉलमधल्या लोकांना मागे जायची सोय नव्हती. चित्र थोडं इकडंतिकडं असलं तर लोक चालवून घेतात, ऐकू नाही आलं की पहिले मोबाईल काढतात. कलरला जे पैसे घातलेस त्याच्या निम्म्यात डबिंग झालं असतं. धुळ्याला किंवा जळगावला गाण्यांची रेकॉर्डिंग करणारा एखादा छोटा स्टुडिओ गाठ आणि मेन सीन तरी डब करून घे.

आणि डब करशीलच तर भाषा पण बघ. शिरपूरकडची म्हातारी पुण्याच्या बातम्या दिल्यासारखी का बोलतेय? नुसती खडे वेचत असताना ती खरी वाटते आणि तोंड उघडलं की शाळेतली बाई होते. घरातली माणसं घरात अहिराणी बोलतात तर बोलू दे. आता खान्देश म्हणजे सगळा अहिराणी असं पण नाही, रावेर-यावलकडे लेवा बोली, नंदुरबारकडे भिली, पावरी, गुजरी, पण तुझी गोष्ट ज्या घरातली आहे त्या घराचं बोल. नाशिक-पुण्याच्या लोकांना कळणार नाही अशी भीती असेल तर खाली पाटीवर मराठी दे. तसंही तुझं पहिलं पब्लिक तिकडे नाहीच. ते सुरतेला आहे, उधन्याला, लिंबायतला, ताप्ती लाईनच्या गाडीत दर कानबाईला उभं राहून गावी येणारं. तुझा पिक्चर त्यांच्यावरच आहे रे बाबा, आणि शो तू लावलास शिरपूरला.

नवीन कट झाला की लगेच हॉल घेऊ नको. आधी गोष्ट तोंडाने सांग, लॅपटॉप बंद ठेवून, दूध डेअरीवर, सलूनमधे, शेतावर जेवायला बसलेल्या बायकांना. पाच मिनिटात सांग आणि मूठ थांबली तिथे मुद्दाम थांब, पाणी पी. कोणी "मंग काय व्हयनं?", मग काय झालं, असं विचारलं तर चाललंय. कोणीच नाही विचारलं तर अजून काट. मग पंधरा-वीस लोकांना टीव्हीवर दाखव, त्यात नातेवाईक नको, तुझे शूटिंगवाले मित्र तर अजिबात नको, ते शॉट बघतात, गोष्ट बघत नाहीत. आणि तू पडद्याकडे पाठ करून बस, त्यांच्याकडे बघ. कोण कधी मोबाईल काढतं ते मिनिटासकट लिहून ठेव. "कसा वाटला" असं विचारू नको, आपल्याकडे तोंडावर सगळे भारीच म्हणतात. पिक्चर संपल्यावर विचार की म्हातारीने असं का केलं. त्यांच्यात वाद झाला तर समज लागलं.

तिकीट लावून हॉलमधे दाखवायला सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, तू घेतलंस का ते पत्रात नाही. नसेल घेतलं तर पुढचा शो ते हातात आल्यावरच, आणि घेतलं असेल तर एवढी काटछाट केल्यावर परत त्यांच्याकडे जावं लागेल, त्याचा वेळ धरून चाल. ह्या कानबाईला होईल असं वाटत नाही, पुढच्या कानबाईच्या आधीच्या आठवड्यात सुरतेला लाव.

शेताचं म्हणशील तर घरचे बरोबर आहेत, गहाण टाकू नको. सहा लाखाचं व्याज चालू असताना दुसऱ्या पिक्चरचा विषयच काढू नको, लग्नाचे सिझन कर आणि ते आधी फेड. वरचं सगळं काम, एडिट, डबिंग, एक दिवसाचं शूटिंग, हे शेत न टाकता होण्यासारखं आहे, तुझ्याकडे कॅमेरा पण स्वतःचा आहे.

राहिलं त्या डान्सरला दिलेलं टोकन. फोन कर, सरळ सांग की गाणं कॅन्सल झालंय, आणि परत माग. तिने तारीख अडवून ठेवली असेल तर पूर्ण नाही मिळणार, काही लेखी केलेलं नसेल तर अर्धे आले तरी घेऊन टाक आणि डबिंगला लाव.